रग्ड लॅपटॉपचा डॉक निवडायचाय? आधी गाडीचं बॉनेट उघडा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा. वीजवाहिन्यांच्या देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीच्या चंद्रपूर, यवतमाळ आणि गडचिरोली जिल्ह्यांत मिळून २२ गाड्या आहेत, १६ बोलेरो कॅम्पर आणि ६ ट्रक. बोलेरोत रग्ड, म्हणजे धक्के-धूळ-पाणी सोसणारे, लॅपटॉप द्यायचे आहेत, ट्रकमध्ये ८ इंची रग्ड टॅबलेट. डॉकसाठी, म्हणजे यंत्र गाडीत धरून त्याला वीज आणि जोडण्या देणाऱ्या बैठकीसाठी, दोन कोटेशन आली आहेत. एक गाडीमागे १६ हजारांचं, दुसरं ७८ हजारांचं. दोन्ही विक्रेते ‘आमचा माल मिलिटरी ग्रेड आहे’ म्हणतात. मग एवढा फरक कशाचा, आणि स्वस्तातला घेतला तर नेमकं काय बिघडेल?

मी १७ वर्षं हेच काम करतोय. सुरुवात ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून झाली, पुढे रुग्णवाहिका, बंदरातले कंटेनर उचलणारे रीच स्टॅकर, गोदामातले फोर्कलिफ्ट आणि सर्व्हिस व्हॅन यांत लॅपटॉप-टॅबलेट बसवत गेलो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या कामाचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कुठलंही एक कोटेशन सरसकट २२ गाड्यांना लावू नका. बोलेरोंना खरा डॉक लागेल, ट्रकना तो लागणार नाही. आणि दोन्हीकडे डॉकच्या आधी वायरिंगवर खर्च करावा लागेल. डॉक म्हणजे लॅपटॉप ठेवायचा स्टँड नव्हे, तो गाडीच्या वायरिंगचा एक भाग असतो. मी पाहिलेल्या बिघाडांपैकी बहुतेकांचं मूळ डॉकमध्ये नव्हतं. ते डॉकच्या मागच्या दोन वायरींत किंवा खालच्या चार बोल्टांत होतं.

पहिला प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच विचारतो: यंत्र दिवसातून किती वेळा काढणार आणि बसवणार? पोर्ट किती, मॉनिटर किती, हे सगळं नंतर. तुमच्या बोलेरोवरचा इंजिनिअर सबस्टेशनला पोचतो, लॅपटॉप उचलतो, कंट्रोल रूममध्ये रिलेला (वीजवाहिनीचं रक्षण करणाऱ्या उपकरणाला) जोडतो, परत येऊन गाडीत ठेवतो. दिवसाला सहा-सात ठिकाणं धरली तरी बारा-चौदा वेळा हात लागला. ट्रकवरचा टॅबलेट मात्र सकाळी बसला की संध्याकाळीच निघतो. या दोन वापरांना एकच वस्तू कशी चालेल?

तुमच्या १६ हजारांच्या कोटेशनमध्ये जे आहे, ते वर्णनावरून पाहता क्रेडल आहे. म्हणजे यंत्राला घट्ट धरणारा साचा, आणि बाजूने आलेली एक यूएसबी-सी केबल, जी ड्रायव्हरने किंवा इंजिनिअरने हाताने खोचायची. ७८ हजारांत पूर्ण डॉक आहे. यंत्र खाली बसवलं की त्याच्या पोटाखालचा कनेक्टर आपोआप जुळतो, लॅच (कडी) बंद होते, आणि वीज, नेटवर्क, यूएसबी सगळं एका झटक्यात मिळतं. यूएसबी-सी कनेक्टर १० हजार वेळा खोचण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. तुमच्या वापरात दिवसाला सात वेळा आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला २१०० वेळा. कागदावर पावणेपाच वर्षं निघतात. पण तो आकडा प्रयोगशाळेत सरळ रेषेत खोचण्याचा. गाडीत हात तिरका येतो, केबलला ओढ बसते, कोळशाची पूड आत जाते. माझ्या अनुभवात असा पोर्ट वर्ष-दीड वर्षात सैल होतो, आणि सैल झालेला पोर्ट लॅपटॉपच्या मदरबोर्डवर असतो, केबलवर नाही. केबल काही शेकड्यांत मिळते, मदरबोर्डचं तसं नाही.

म्हणून जिथे यंत्राची ये-जा जास्त, तिथे पोटाखालचा कनेक्टर असलेला डॉकच घ्या. घेताना विक्रेत्याला सांगून तो एका हाताने बंद-उघड करून बघा. इंजिनिअरच्या दुसऱ्या हातात टेस्टिंग किट असणार. लॅचला दोन हात लागत असतील, तर आठवड्याभरात माणसं ती अर्धवट लावून गाडी हाणायला लागतात. हा त्यांचा दोष नाही, वस्तूच्या रचनेचा आहे.

आता ‘मिलिटरी ग्रेड’बद्दल. एमआयएल-एसटीडी-८१० हा अमेरिकन संरक्षण खात्याचा चाचण्यांचा संच आहे, त्याची २०१९ ची आवृत्ती ‘८१०एच’. तो पास-नापासाचा शिक्का नाही. त्यात अनेक पद्धती आहेत आणि प्रत्येक पद्धतीत वेगवेगळ्या प्रक्रिया. कंपनी त्यातल्या सोयीच्या दोन निवडूनही ‘चाचणी केली’ म्हणू शकते. तुमच्या कामाच्या दोन: ५१४.८ म्हणजे कंपन, आणि ५१६.८ म्हणजे धक्का. विक्रेत्याकडून लेखी मागा की या दोन पद्धतींतल्या कुठल्या प्रक्रिया केल्या, आणि डॉकमध्ये यंत्र बसवलेल्या अवस्थेत केल्या का. रिकामा डॉक हादरवून काय उपयोग? साडेतीन किलोचा लॅपटॉप त्यात बसल्यावर कनेक्टर सुटतो का, हे कळायला हवं. धूळ-पाणी रोखण्याच्या ‘आयपी’ रेटिंगचंही तसंच. लॅपटॉपवर आयपी६५ किंवा आयपी६६ लिहिलेलं असतं, ते सगळी झाकणं बंद असताना. बऱ्याच मॉडेलमध्ये डॉकवर बसवताना खालचं झाकण उघडावं लागतं. आणि डॉकला स्वतःला असं काही रेटिंग बहुतेक वेळा नसतंच. ट्रकची केबिन पाइपने धुवायची सवय असेल, तर आजच सगळ्यांना ताकीद द्या.

आता बॉनेट उघडू.

बोलेरोत १२ व्होल्ट, ट्रकमध्ये २४ व्होल्ट. हे म्हणायचे आकडे झाले. इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या गाडीत १४ च्या आसपास मिळतात, २४ च्या गाडीत २८. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज क्षणभर १०-९ पर्यंत खाली येतं, थंड सकाळी आणि जुन्या बॅटरीवर त्याहूनही खाली. आणि उलट बाजूला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे लोड डंप. इंजिन चालू आहे, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) बॅटरी चार्ज करतोय, आणि त्याच वेळी बॅटरीचा टर्मिनल सैल होऊन सुटला. अल्टरनेटरचा करंट जायला जागा उरत नाही, आणि वायरिंगमध्ये काही दशांश सेकंदांपर्यंत ८०-१०० व्होल्टचा झटका येऊ शकतो. काही अल्टरनेटरमध्ये तो दाबायची सोय असते, सगळ्यांत नसते. खाचखळग्यांच्या रस्त्यावर टर्मिनल सैल होणं ही तर रोजची गोष्ट. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा बाजारातला चार्जर असा एकच झटका खातो आणि जाताना यंत्रालाही घेऊन जातो.

म्हणून प्रत्येक गाडीत यंत्राच्या मॉडेलसाठीच बनवलेला डीसी-डीसी पॉवर सप्लाय, म्हणजे गाडीचं व्होल्टेज यंत्राला हवं तेवढं करून देणारा डबा, लागतो. पॅनासोनिक टफबुकला साधारण १६ व्होल्ट लागतात, गेटॅकला १९, डेलच्या रग्ड लॅटिट्यूडला १९.५. एकाचा दुसऱ्याला चालवून बघू नका. ट्रकसाठी इनपुट १२ ते ३२ किंवा ९ ते ३६ व्होल्टचा घ्या. आणि आयएसओ ७६३७-२ व आयएसओ १६७५०-२ या दोन मानकांची नावं त्याच्या माहितीपत्रकात आहेत का ते पाहा. व्होल्टेजचे झटके, सेल्फच्या वेळची घसरण, लोड डंप, हे सगळं या दोन मानकांत येतं. ७८ हजारांच्या कोटेशनमध्ये असा पॉवर सप्लाय धरलेला आहे का, हे विचारा. बरेच जण डॉकचा भाव देतात आणि सप्लाय वेगळा लावतात. १६ हजारांच्यात तर तो नक्कीच नसणार.

काही जण सुचवतील, एक इन्व्हर्टर बसवा, २३० व्होल्ट करा आणि लॅपटॉपचा घरचाच अडॅप्टर लावा. नको. १२ चे २३०, २३० चे परत १९, दोन्हीकडे उष्णता आणि दोन्हीकडे बिघाडाची जागा. शिवाय गाडीच्या केबिनमध्ये २३० व्होल्ट कशाला हवेत?

ट्रकच्या बाबतीत एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. गावातला वायरमन सोपा मार्ग काढतो: खालच्या, म्हणजे मायनस बाजूच्या, एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतो आणि चार्जर लावून देतो. त्या दिवशी सगळं छान चालतं. पण एका बॅटरीतून सतत जास्त करंट जातो, अल्टरनेटर मात्र दोघींना एकत्र चार्ज करतो. त्यामुळे खालची नेहमी उपाशी राहते आणि वरची जास्त चार्ज होऊन उकळते. काही महिन्यांत दोन्ही बदलाव्या लागतात, आणि दोष टॅबलेटवर येतो.

वायरचं माप हा दुसरा दुर्लक्षित विषय. हिशेब करून दाखवतो. लॅपटॉपचा सप्लाय ११० वॅटचा धरला आणि त्यातली थोडी घट धरली, तर १२ व्होल्टवर साधारण १० अँपिअर लागतात. बॅटरीपासून डॉकपर्यंत वायर ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर. १ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर वाटेतच जवळपास १.७ व्होल्ट गळतात. २.५ ची घातली तर ०.७, ४ ची घातली तर ०.४३. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट असतील, तर बारीक वायरच्या टोकाला साडेदहाच पोचतात. सप्लायला वाटतं बॅटरी संपली, आणि तो बंद होतो. मग तक्रार येते, ‘इंजिन बंद केलं की लॅपटॉप चार्ज होत नाही, डॉक खराब आहे.’ बोलेरोत ४ चौरस मिलिमीटरची वायर थेट बॅटरीपासून ओढा. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच असला पाहिजे, डॅशबोर्डखाली नाही. फ्यूज वायरला वाचवायला असतो, यंत्राला नाही. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा बॉडीला घासून उघडा पडला, तर त्याला वाचवणारं काहीच नसतं. अर्थही बॉडीच्या रंगावर स्क्रू मारून घेऊ नका, वायर परत बॅटरीकडे न्या किंवा रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) बसवा.

आता इग्निशन. पॉवर सप्लायला तीन वायरी हव्यात: प्लस, मायनस, आणि इग्निशनची सिग्नल वायर. किल्ली बंद झाल्यावर सप्लायने ठरावीक वेळ थांबायचं आणि मग स्वतः बंद व्हायचं. तुमच्या कामात इंजिनिअर गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास आत बसून रिपोर्ट भरतो, म्हणून बोलेरोला मी एक तासाचा टायमर ठेवेन. त्याखेरीज लो-व्होल्टेज कट-ऑफ (व्होल्टेज घसरलं की वीज तोडणारी सोय) हवाच, ११.८ व्होल्टच्या आसपास. हे नसलं तर काय होतं? लॅपटॉप चालू राहिला आणि सरासरी २.५ अँपिअर खात राहिला, तर १२ तासांत ३० अँपिअर-तास गेले. बोलेरोची बॅटरी ६५-७५ अँपिअर-तासांच्या घरातली. नवी असेल तर सकाळी कशीबशी सेल्फ घेईल, दोन वर्षांची असेल तर धक्का मारायची वेळ येईल. आणि रात्री अकराला लाइन पडल्याचा फोन येतो तेव्हा गाडी सुरू झालीच पाहिजे. लॅपटॉप दुय्यम आहे.

(फोर्कलिफ्टबद्दल कोणी वाचत असेल तर एवढंच: बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टमध्ये बऱ्याचदा ४८ किंवा ८० व्होल्ट असतात आणि बॅटरीचा मायनस चेसिसला जोडलेला नसतो. तिथे आयसोलेटेड, म्हणजे इनपुट आणि आउटपुट यांत थेट जोड नसलेला, कन्व्हर्टरच लागतो. डॉकचा धातू चेसिसला टेकला आणि कन्व्हर्टर आयसोलेटेड नसला, तर तो विषय फक्त टॅबलेट जळण्यापुरता राहत नाही.)

नेटवर्कच्या भागाकडे येतो, कारण ७८ हजारांतला मोठा वाटा तिथे आहे. तुमच्या कोटेशनमध्ये ‘ट्राय पास-थ्रू’ लिहिलंय. अर्थ असा, की डॉकमधून मोबाइल डेटा, वाय-फाय आणि जीपीएस या तिन्हींच्या अँटेना छतावर नेता येतात. कव्हरेज कमी असलेल्या भागात याचा फायदा खरा आहे. पण यात एक खाच आहे, ती मी स्वतः पायरीपायरीने शिकलो. एका ताफ्यात आम्ही पास-थ्रूवाले डॉक बसवले, छतावरच्या अँटेना मागाहून येणार होत्या. दुसऱ्याच दिवशी तक्रार: ‘डॉकमध्ये ठेवलं की नेट जातं, हातात घेतलं की येतं.’ आम्ही दोन दिवस सिम बदलत होतो, लॅपटॉपमधलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा घालत होतो. मग एका गाडीत बसून मी लॅपटॉप शंभर वेळा वर-खाली केला आणि सिग्नलच्या रेषा बघत राहिलो. लॅच वाजली की रेषा पडायच्या. तेव्हा लक्षात आलं. असं बहुतेक यंत्र डॉक झालं की आतली अँटेना सोडून देतं आणि डॉकच्या अँटेनाच्या पोर्टकडे वळतं. पोर्टच्या पलीकडे काहीच जोडलेलं नव्हतं. म्हणजे जास्त पैसे देऊन आम्ही गाडीतलं नेटवर्क घालवलं होतं.

तेव्हा पास-थ्रू घ्यायचा तर अँटेना आणि चांगली केबल त्याच दिवशी लावायची, नाहीतर पास-थ्रूशिवायचा डॉक घ्यायचा. काही मॉडेलमध्ये बायोसमधून (यंत्राच्या मूळ सेटिंगमधून) ही अदलाबदल बंद करता येते, तेही विचारून ठेवा. केबलचं सांगायचं तर, अँटेनाबरोबर येणारी पेन्सिलच्या शिशाएवढी बारीक आरजी-१७४ केबल मोबाइलच्या वारंवारतेला मीटरला एक डेसिबल किंवा जास्तच खाते. पाच मीटर ओढली की छतावर मिळालेल्या सिग्नलचा दोन तृतीयांश भाग केबलमध्येच जिरतो. अँटेना छताच्या पुढच्या भागात लावा, केबल कमीत कमी ठेवा, आणि उरलेली वेटोळं करून डॅशबोर्डमागे कोंबू नका, कापून नवा कनेक्टर क्रिम्प करा.

तुमच्या १६ बोलेरोंपैकी गडचिरोलीत जाणाऱ्या पाच-सहा गाड्यांनाच पास-थ्रू घ्या, असं मी म्हणेन. किंवा त्याहून चांगलं, त्या गाड्यांत छतावरच्या अँटेनासह एक वाहनांसाठीचा राउटर बसवा आणि लॅपटॉप त्याला वाय-फायने जोडा. मग डॉक साधा चालतो, इंजिनिअर लॅपटॉप घेऊन खांबापाशी उभा असला तरी नेट मिळतं, आणि पाच वर्षांनी लॅपटॉप बदलला तरी छतावरचं काम तसंच राहतं. बाकीच्या चंद्रपूर-यवतमाळच्या गाड्यांना हा खर्च नको.

बसवण्याची जागा. परदेशी कंपन्यांचे तयार पेडेस्टल (डॉक बसवायचे खांब) त्यांच्याकडच्या गाड्यांसाठी बनतात, ड्रायव्हर डावीकडे धरून. आपला ड्रायव्हर उजवीकडे. डॉकचं कुलूप, किल्ली, केबल बाहेर पडायची बाजू, सगळं उलटं येतं. बोलेरोसाठी तयार बेस शोधत बसू नका. चांगल्या फॅब्रिकेटरकडून ६ मिलिमीटर पत्र्याची बेसप्लेट करून घ्या, जी डाव्या सीटच्या आतल्या बाजूच्या बोल्टांवर बसेल, म्हणजे फ्लोअरला नवं भोक पाडावं लागत नाही. एक काळजी घ्या: मूळ बोल्टांपेक्षा प्लेटच्या जाडीएवढे जास्त लांब बोल्ट घ्या, ८.८ ग्रेडचेच. जुना बोल्ट आखूड पडून दोनच आटे धरत असेल, तर अपघातात सीटच निघून येईल. नायलॉक (हादऱ्यांनी सैल न होणारे) नट वापरा आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. ते काम पहिल्या सर्व्हिसच्या कार्डावर लिहूनच ठेवा.

ही काळजी उगाच नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आपटून एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर सरासरी १४ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १४ पट, धक्का बसतो. लॅपटॉप आणि डॉकचा हलणारा भाग मिळून सहा किलो धरले, तर ते त्या क्षणी ८० किलोंहून जास्त ओढ देतात, आणि झटक्याचं टोक त्याच्याही वर जातं. हे वजन इंजिनिअरच्या छातीसमोर आहे. त्यामुळे काचेला चिकटणारे सक्शन कप लॅपटॉपसाठी विचारातच घेऊ नका. गोळ्याच्या सांध्याचे माउंट असतात, त्यांत १ इंची गोळा फक्त हलक्या ८ इंची टॅबलेटसाठी, मोठ्याला दीड इंची. एअरबॅग असेल तर तिच्या उघडण्याच्या वाटेत डॉक, स्क्रीन, केबल, काहीही येता कामा नये. भारतात २०२१ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या, पण तुमच्या गाड्या मालवाहू वर्गातल्या आणि वेगवेगळ्या वर्षांच्या असणार. प्रत्येक गाडीचा डॅशबोर्ड स्वतः पाहून ठरवा.

जागा पक्की करण्याआधी मी पुठ्ठ्याचा लॅपटॉप करतो. खरंच. तेवढ्याच मापाचा खोका, स्क्रीन उघडलेल्या कोनात चिकटवलेली, आणि तो हातात धरून ड्रायव्हरकाकांना गाडी चालवायला सांगतो. पाचवा गिअर टाकताना कोपर लागतं का, हँडब्रेक पूर्ण ओढता येतो का, डाव्या आरशात बघताना स्क्रीन आड येते का. काका दोन मिनिटांत सांगतात, ‘इथं नको, दोन बोटं मागं घ्या.’ हे ज्या गाड्यांत विचारलं नाही, तिथे महिन्याभरात माउंट कोणीतरी वाकवून ठेवलेलं सापडलं.

ऊन हा तुमच्या भागाचा खास प्रश्न. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या केबिनमध्ये डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापू शकतो. रग्ड यंत्रं ६० अंशांपर्यंत चालतात असं माहितीपत्रकात असतं, ते चालण्याबद्दल. लिथियम बॅटरीचं चार्जिंग बहुतेक यंत्रं ४५ अंशांच्या पुढेमागे थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून दुपारी ‘डॉक चार्ज करत नाही’ ही तक्रार आली, तर आधी यंत्राला हात लावून बघा. डॉक डॅशबोर्डच्या वर न बसवता खाली, सावलीत आणि एसीच्या झोतात येईल असा बसवा.

याच उन्हाचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. ट्रकमधला टॅबलेट दिवसभर डॉकमध्ये, १०० टक्के चार्ज, गरम. अशा अवस्थेत महिनोन्‌महिने राहिलेली बॅटरी फुगते. एकदा एका यार्डात मला बोलावलं, ‘लॅच अडकलीय, टॅबलेट निघत नाही’ म्हणून. ड्रायव्हर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायच्या बेतात होता. मी टॉर्च मारून बाजूने पाहिलं, तर टॅबलेटचं मागचं झाकण मधोमध फुगून डॉकच्या पाठीला टेकलं होतं. आत लिथियम आहे आणि वरून स्क्रू ड्रायव्हर. त्याला थांबवलं, वीज तोडली, डॉकचे मागचे स्क्रू काढून अख्खा डॉक सैल केला, मग टॅबलेट बाहेर आला. त्यानंतर मी कुठलाही टॅबलेट ८० टक्क्यांची चार्ज-मर्यादा लावल्याशिवाय गाडीत बसवत नाही. बहुतेक रग्ड यंत्रांत ती बायोसमध्ये किंवा कंपनीच्या युटिलिटीत असते. ती नसेल आणि यंत्र बॅटरी काढून थेट डॉकच्या विजेवर चालत असेल, तर तो मार्ग. सॅमसंगच्या टॅब अ‍ॅक्टिव्ह मालिकेत अशी सोय आहे.

ट्रकच्या टॅबलेटना पोगो पिनचा, फक्त वीज देणारा डॉक पुरेसा आहे. खोचायचं काही नाही, पिना नुसत्या टेकतात. मात्र कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीत त्या पिनांवर थर बसतो. आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. मी एका ठिकाणी पाहिलं, मेकॅनिक पिना पॉलिश पेपरने घासून चकचकीत करत होता, प्रामाणिकपणे, काळजीने. पण पिनांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. तो एकदा निघाला की खालचा धातू पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग रोज घासावं लागतं. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, तिच्यात पाणी असतं.

ऑफिसातल्या टेबलावरच्या डॉकबद्दल फार लिहीत नाही. रात्री लॅपटॉप ऑफिसात येत असतील तर चार-पाच टेबल डॉक पुरतात, आणि यूएसबी-सीवर चालणारा साधा डॉकही चालेल, फक्त तो लॅपटॉपला लागेल तेवढे वॅट देतो का ते पाहा. जुनं यूएसबी पीडी (यूएसबीवरून वीज देण्याचं मानक) १०० वॅटपर्यंतच जातं. तिथे पैसे वाचवा.

पण एक गोष्ट तिथेही आणि गाडीतही लागू: आज डॉक घेताना उद्याच्या लॅपटॉपचा विचार. गाडी आठ-दहा वर्षं चालते, लॅपटॉप पाच. पॅनासोनिकने टफबुक ५४ चे डॉक ५५ लाही चालतील असं ठेवलं, हे चांगलं उदाहरण. उलट टफबुक ३३ मध्ये कीबोर्डसह लॅपटॉप म्हणून वापरायचा डॉक वेगळा आणि नुसत्या टॅबलेटचा वेगळा. ऑर्डर देताना चुकीचा निवडला तर यंत्र त्यात बसणारच नाही. म्हणून पर्चेस ऑर्डरवर यंत्राचा पूर्ण मॉडेल नंबर, वापरायचं रूप, आणि लॅपटॉपला जाड बॅटरी, हँडल किंवा कव्हर लावलंय का हे लिहा. हातात धरायचा पट्टा मागे असला तरी काही डॉक बंद होत नाहीत.

कुलपांच्या किल्ल्या ‘सगळ्यांना एकच’ अशा मागवा, नाहीतर १६ गाड्यांच्या १६ किल्ल्या सांभाळताना पहिल्या महिन्यातच कुलूप लावणं बंद होईल. आणि विक्रेत्याला विचारा की डॉकमधला कनेक्टर सुटा मिळतो का. झिजणारा भाग तोच असतो. तो सुटा बदलता येत असेल तर ७८ हजार मला महाग वाटत नाहीत. येत नसेल तर वाटतात.

माझ्या हातात असतं तर मी अशी ऑर्डर दिली असती. १० बोलेरोंना पास-थ्रूशिवायचा पूर्ण डॉक, गडचिरोलीच्या ६ ना तोच डॉक आणि राउटर, ६ ट्रकना पोगोचा पॉवर डॉक आणि २४ व्होल्टचा सप्लाय. वर दोन डॉक आणि दोन सप्लाय जादा, कपाटात. पण हे सगळं एकदम नाही. आधी एक बोलेरो आणि एक ट्रक. सगळ्यात खराब रस्त्यावरच्या गाड्या निवडा, आणि गाडीशी भांडणारा नव्हे तर गाडीची काळजी घेणारा ड्रायव्हर निवडा, कारण तो खरं सांगेल. चार आठवडे चालवा. त्या काळात विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदवहीत) डॉकवरची यूएसबी उपकरणं किती वेळा तुटली आणि जोडली गेली ते मोजा. गाडी चालू असताना दिवसाला एक-दोनदाही आपोआप तुटत असेल, तर कनेक्टर हलतोय. ते मोठ्या ऑर्डरच्या आधीच विक्रेत्याला दाखवा, नंतर कोणी ऐकत नाही. रोज पहाटे पहिला सेल्फ मारताना मल्टिमीटर सप्लायच्या इनपुटला लावून सर्वात खालचा आकडा वहीत लिहायला सांगा. १२ व्होल्टच्या गाडीत तो ९ च्या खाली जात असेल, तर डॉकच्या आधी त्या गाडीची बॅटरी बदला.

आणि चाचणी जमलं तर मेच्या शेवटापासून जूनच्या शेवटापर्यंत ठेवा. उन्हाचे शेवटचे आठवडे आणि पावसाचे पहिले, दोन्ही त्यात येतात.